पाटीवरचं वहीत उतरलंच नाही

(वाचकांचे प्रश्न : सी प्रोग्रामिंग)

प्रश्न : सर, कूलरच्या ताट्या बदलल्यावर हवा खरंच किती गार होते ते मोजायचं म्हणून मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला सेन्सर जोडला. सी-मधला प्रोग्राम दर सेकंदाला फाइलमध्ये एक ओळ लिहितो, जसं ‘१४:०५:३२ ३१.४’. पहिली साडेचार मिनिटं फाइल शून्य बाइटचीच दिसून राहिली होती. आठ मिनिटांनी कंट्रोल-सी दाबून थांबवलं, तर आत २९२ ओळी पूर्ण आणि २९३ व्या ओळीत नुसती वेळ, तापमान गायब. पुढच्या जवळपास दोनशे ओळी कुठं गेल्या? सेन्सर बिघडला की मेमरी कार्ड?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : दोन्ही ठणठणीत आहेत. आधी तुमच्या ओळीतली अक्षरं मोजा. वेळेची आठ, मधल्या मोकळ्या जागेचं एक, तापमानाची चार आणि ओळ संपवणारं एक, असे चौदा बाइट. २९२ ओळींचे झाले ४०८८. त्यात पुढच्या ओळीची आठ अक्षरं, म्हणजे नुसती वेळ, मिळवा : ४०९६. बिघडलेला सेन्सर इतका हिशेबी नसतो बाप्पा.

इतवारीत आमचं धान्याचं दुकान होतं. गल्ल्यावर बाबा बसत, रोजकीर्द आतल्या खोलीत मुनीमजींकडे असे. प्रत्येक गिऱ्हाइकामागे उठून आत जायचं म्हटलं तर धंदा कधी करायचा? म्हणून बाबा विक्री पाटीवर मांडत. पाटी भरली की आत जाऊन सगळं एकदम उतरवून येत, पाटी पुसत आणि परत गल्ल्यावर. एका जुलैत पावसाची सर थेट गल्ल्यावर आली आणि भरत आलेली पाटी धुऊन गेली. रोजकीर्दीत एक आकडा चुकीचा नव्हता, फक्त त्या दिवशी दुपारी दुकान बंद असावं तशी ती दिसत होती.

तुमची फाइल अगदी तशीच आहे. एफप्रिंटएफ हे फंक्शन फाइलमध्ये लिहीत नाही, तुमच्याच प्रोग्रामच्या मेमरीतल्या पाटीवर लिहितं. ही पाटी म्हणजे बफर. लिनक्स या तुमच्या पायवरच्या ऑपरेटिंग सिस्टिममधली सी लायब्ररी पाटीचा आकार फाइल सिस्टिमला विचारून ठरवते आणि तो बहुतेक वेळा ४०९६ बाइट निघतो. पाटी भरली की लायब्ररी ‘राइट’ हा सिस्टिम कॉल करते, म्हणजे आतल्या खोलीत जाते. तिथं मुनीमजींच्या जागी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बसलेला असतो आणि प्रत्येक फेरीला वेळ लागतो. दहा लाख अक्षरं एकेक करून थेट राइटनं लिहिली तर दहा लाख फेऱ्या, पाटी वापरली तर २४५. तुमची चौदा अक्षरं सेकंदाला येतात, म्हणून पहिली फेरी व्हायला पाच मिनिटांना थोडं कमी लागलं आणि तोवर फाइल शून्य दिसली.

कंट्रोल-सी म्हणजे ती पावसाची सर. मेन हे मुख्य फंक्शन संपून किंवा एक्झिट बोलावून प्रोग्राम रीतसर थांबला असता, तर जाता जाता सगळ्या पाट्या उतरवल्या गेल्या असत्या. कंट्रोल-सीच्या सिग्नलनं मारलेल्या प्रोग्रामला तेवढी उसंत नसते.

उपाय सोपा आहे : प्रत्येक ओळीनंतर एफफ्लश, म्हणजे पाटी लगेच उतरवायला लावणारं फंक्शन. किंवा फाइल उघडल्याबरोबर, तिच्यात काहीही लिहिण्याआधी, सेटव्हीबफ वापरून ‘ओळ संपली की उतरव’ असं सांगून ठेवा. सेकंदाला एक फेरी कर्नलला काहीच जड नाही.

पण एफफ्लशनं मजकूर फक्त मुनीमजींपर्यंत पोचतो. कर्नलही तो लगेच कार्डावर लिहीत नाही, स्वतःच्या मेमरीत ठेवतो. लिनक्समध्ये साधारण तीस सेकंद जुना झालेला मजकूर कार्डाकडे रवाना होतो. कंट्रोल-सीनं त्याला धक्का लागत नाही, लाइट गेली तर मात्र लागतो, आणि मे महिन्यात भर दुपारी तुमच्याकडे लाइट जात नसेल तर तुम्ही नशीबवान. त्यासाठी आधी एफफ्लश आणि मग कर्नलला मजकूर कार्डावर लिहायला लावणारं एफसिंक, याच क्रमानं. उलटं केलंत तर पाटीवरचं पाटीवरच राहील. एफसिंक मिनिटाला एकदा पुरे. दर सेकंदाला केलंत तर कार्ड विनाकारण झिजेल, आणि कूलरच्या हवेची एक मिनिटाची नोंद गेली तर कोणाचं काय बिघडणार आहे?

यात एक काटा आहे, तो मला टोचलेला आहे. वर्गातल्या साठ मुलांचे गुण मी एकदा पेन ड्राइव्हवर लिहिले. प्रत्येक एफप्रिंटएफनं ‘झालं’ म्हणून सांगितलं, मीही तपासून पाहिलं होतं. पेन ड्राइव्ह आधीच भरलेला होता. पण सगळे गुण एका पाटीत मावत होते, त्यामुळं आत जाण्याची पहिली वेळ आली ती एफक्लोजनं फाइल बंद करताना. जागा नाही ही तक्रार एफक्लोजनंच परत दिली आणि नेमकं तेच उत्तर मी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून मुलांच्या प्रोग्राममध्ये एफक्लोजचं उत्तर तपासलेलं नसेल तर मी एक गुण कापायचो. कुरकुर व्हायची, होऊ द्यायचो.

प्रश्न : ‘इथपर्यंत आलो’ असं प्रिंटएफ टाकून चूक शोधतो. पडद्यावर काहीच न येता प्रोग्राम कोसळतो, म्हणजे चूक त्या ओळीच्या आधी आहे असं समजायचं ना?
— एक वाचक, वर्धमाननगर

उत्तर : नाही. त्या मजकुराच्या शेवटी नवी ओळ नसेल तर तो पाटीवरच असतो आणि कोसळताना पाटीही जाते. म्हणजे चूक पुढं असते आणि तुम्ही मागं शोधत बसता. लिनक्सच्या टर्मिनलवर नवी ओळ आली की पाटी उतरते. पण तोच आउटपुट फाइलकडे वळवलात तर लायब्ररी पूर्ण पाटी भरायची वाट पाहते, मग नवी ओळही कामाची नाही. काल पडद्यावर दिसणारं आज फाइलमध्ये नाही, याचं कारण हेच. चूक शोधण्याचे मजकूर एफप्रिंटएफनं स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांच्या मजकुरासाठी असलेल्या वेगळ्या वाटेवर, पाठवा. तो पाटी न ठेवता सरळ लिहितो.

प्रश्न : कीबोर्डवरून आकडा वाचणाऱ्या स्कॅनएफनंतर इनपुटवर एफफ्लश करावं असं क्लासमध्ये शिकवलं. घरी लिनक्सवर ते चालत नाही.
— एक वाचक, महाल

उत्तर : सी भाषेच्या अधिकृत स्टँडर्डमध्ये एफफ्लशचा अर्थ फक्त लिहिण्याच्या बाजूला दिलेला आहे. वाचण्याच्या बाजूला तो अनिश्चित आहे. एखाद्या कंपायलरवर चालतं, म्हणून लोक शिकवतात. स्कॅनएफनं आकडा उचलला आणि एंटरचं अक्षर मागं ठेवलं, एवढीच अडचण आहे. नवी ओळ किंवा फाइलचा शेवट मिळेपर्यंत गेटचारनं एकेक अक्षर वाचून टाकून द्या. ते अक्षर ज्या व्हेरिएबलमध्ये घ्याल तो ‘इंट’ (पूर्णांकाचा प्रकार) ठेवा, ‘चार’ (कॅरेक्टर, अक्षराचा प्रकार) नको. नाहीतर फाइलचा शेवट काही मशीनवर ओळखूच येत नाही आणि लूप रात्रभर फिरत राहतो.