दार उघडंच आहे, तरी तो थांबतो

पत्र : अमली पदार्थांच्या गुन्ह्यात 25 वर्षांची शिक्षा झालेला माझा मोठा भाऊ उरलेली शिक्षा माफ होऊन 16 वर्षांनी घरी आला. चार महिने झाले. बंद दारापुढे नुसता उभा राहतो, बाथरूमला जातानाही विचारतो. सुटकेचा विषय निघाला की उठून जातो. सगळे म्हणतात, "एवढी दया मिळाली, आता तरी आनंदात राहा." इतकी वर्षं भेटीला जाणाऱ्या मलाही आता त्याचा राग येतो.
– एक बहीण

उत्तर : ताई, इतकी वर्षं वाट पाहून माणूस घरी यावा आणि असा गप्प बसावा, याचा राग येणारच. पण 16 वर्षं त्याच्यापुढचं प्रत्येक दार दुसऱ्याच कुणी उघडलंय. कडीला हात घालायची सवयच मोडली आहे. तुम्ही दार उघडून देऊ नका, "अरे, जा ना" असंही म्हणू नका. आपलं काम करत राहा. वेळ लागेल, पण उघडेल तो.

त्याच्या उठून जाण्यामागे मला वेगळंच काही दिसतं. एकाचा दयेचा अर्ज मंजूर होतो, तेव्हा शेजारच्या कोठडीतल्याचा फेटाळलेला असतो. बराक ओबामांनी 1,715 जणांची शिक्षा कमी केली, बहुतेक अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतली. नकार मात्र हजारोंना मिळाले. कधी फरक नुसत्या तारखेचा असतो. अमेरिकेत 5 ग्रॅम क्रॅकला, म्हणजे कोकेनच्याच ओढायच्या खड्याला, 500 ग्रॅम कोकेन पावडरीइतकीच किमान शिक्षा होती. 2010 मध्ये कायदा बदलला, पण आधी शिक्षा झालेल्यांना त्याचा आधार मिळायला 2018 उजाडलं. "आनंदात राहा" म्हटलं की तुमच्या भावाला आत राहिलेले चेहरे आठवत असतील. एकदा विचारा, "तिथं तुझं जवळचं कोण राहिलं?" बोलला तर फक्त ऐका. पत्र पाठवायचं म्हणाला, तर आधी सुटकेच्या अटी बघा. अशा संपर्काला बंदी असू शकते.

शिक्षा माफ झाली तरी गुन्ह्याची नोंद राहते. नोकरीच्या अर्जात विचारलं तर खरंच लिहायचं. तो अर्ज भरताना शेजारी बसा, पेन त्याच्या हातात असू द्या.

तो स्वतः नशा करायचा का, हे तुम्ही लिहिलं नाही. करत असेल तर त्याला डॉक्टरांकडे न्याच. शरीराची सवय सुटलेली असते, जुनं प्रमाण जीव घेऊ शकतं.

आणि पुन्हा कुणी "दया मिळाली" म्हणालं, तर त्याच्यादेखत सांगा, 16 वर्षं त्यानं भोगली आहेत.