केशरी जर्दाळू आणि पाकिटावरचा २२०

प्रश्न : इतवारीतून सुका मेवा आणला, त्यातले जर्दाळू एकदम केशरी आहेत अन् पाकिटावर प्रिझर्वेटिव्ह २२० लिहिलंय. सर्च केलं तर सल्फर डायऑक्साइड निघालं. कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमणीतून निघतो तोच गॅस ना हा? आईला दमा आहे, तिला द्यावेत का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आईला सध्या देऊ नका, आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. सल्फाइटचा, म्हणजे सल्फर डायऑक्साइड आणि त्याच्या क्षारांचा, त्रास सगळ्याच दमेकऱ्यांना होत नाही, थोड्यांनाच होतो, पण ज्यांना होतो त्यांची श्वासनळी काही मिनिटांतच आवळते, त्यामुळे घरी "एखादा खाऊन बघू" असा प्रयोग अजिबात नको.

आणि हो, गॅस तोच. गंधक जळलं की एसओटू म्हणजेच सल्फर डायऑक्साइड तयार होतो, आगपेटीची काडी ओढल्यावर नाकाला झोंबतो तोही हाच, अन् कोराडी-खापरखेड्याला कोळशातलं गंधक जळतं म्हणून तिथून निघतो. तो धूर चुनखडीच्या पाण्याच्या फवाऱ्यातून नेला तर गॅस अडकतो आणि वरून जिप्सम मिळतं, माझ्या मते ही यंत्रणा प्रत्येक औष्णिक केंद्रात असायलाच पाहिजे.

जर्दाळूत त्याचं काम वेगळं. कापलेलं फळ काळं पडतं ते त्यातल्याच एन्झाइममुळे, एसओटू त्या एन्झाइमला थांबवतो, शिवाय ओलाव्यात विरघळून सल्फ्युरस ॲसिड होतं म्हणून बुरशी अन् यीस्ट वाढत नाही, व्हिटॅमिन सी टिकतं, पण बी-वन मात्र नष्ट होतं. गंधकाची धुरी न दिलेला जर्दाळू तपकिरीच असतो, लोक त्याला जुना माल समजून बाजूला सारतात याचं खरंच वाईट वाटतं. पिवळ्याधमक किसमिसचंही असंच असतं. साखर कारखान्यात उसाचा रस साफ करायला चुन्यासोबत हाच गॅस लागतो, अन् एक्स्पोर्टच्या द्राक्षपेटीत जो पॅड ठेवतात तोही हळूहळू हाच सोडत राहतो.

गरम पाण्याने धुतलं तर थोडं सल्फाइट जातं, सगळं नाही, कारण काही भाग फळातल्या साखरेला धरून बसतो. पाकिटावर २२० ते २२८ मधला कुठलाही नंबर दिसला की सल्फाइट आहे समजा. किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर लेबलवर लिहावंच लागतं, पण सुट्या मालाला लेबलच नसतं, म्हणून आईसाठी पॅकबंद, तपकिरी आणि हे नंबर नसलेलेच घ्या.