जुनी रोडबाइक २२ हजारांना घ्यावी का?

प्रश्न : पुण्यात राहतो, उंची १७० सेंमी. हातात पगार ६२,००० रुपये, गृहकर्जाचा हप्ता २४,०००, अडीअडचणीसाठी ६०,००० बाजूला आहेत. रविवारी ३०-४० किलोमीटर फिरायला चार वर्षं जुनी, ॲल्युमिनियम फ्रेम आणि शिमानो क्लॅरिस गिअरची रोडबाइक २२,०००ला मिळते आहे. तिची पावती ३५,०००ची आहे. तेच मॉडेल नवं आज ३२,८००ला आहे. दिवाळीच्या ३०,००० बोनसमधून जुनी घेऊ, की नवी नो-कॉस्ट ईएमआयवर?

उत्तर : जुनी घ्या, पण २२,०००ला नाही. विक्रेता जुनी पावती दाखवून भाव सांगतो आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलींवरचा जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणून नवी स्वस्त झाली. त्यामुळे ३५,००० विसरा आणि घासाघीस ३२,८००पासून सुरू करा.

माझा हिशोब असा : दुरुस्तीसकट जुनी सायकल नव्या किमतीच्या ६५ टक्क्यांच्या आत बसली पाहिजे, म्हणजे २१,०००च्या आसपास. त्यावर गेलात तर वॉरंटी आणि दुकानाची सर्व्हिस सोडून देण्याचा मोबदला उरत नाही. चार वर्षं चाललेल्या सायकलला साखळी, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच), दोन टायर-ट्यूब, ब्रेक पॅड, केबल, हँडल टेप आणि मजुरी धरून अंदाजे ६,५०० लागतील. म्हणजे सायकलीला द्यायचे १४,५००. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप आणि पंप यांना ४,०००. एकूण २५,०००.

हा दुरुस्तीचा आकडा सायकल पाहताना पक्का करा. स्टीलची पट्टी घेऊन जा. साखळीच्या २४ कड्या पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. नवी असताना त्या ३०४.८ मिमी भरतात. ३०६.५च्या आसपास असेल तर साखळी बदलायला आली. ३०८ला टेकली असेल तर कॅसेटचे दातेही त्याच मापाने झिजलेले असतात आणि नवी साखळी त्यांवर घसरते, म्हणून दोन्ही एकदम बदलावे लागतात. क्लॅरिस आठ गिअरची असल्याने हे भाग महाग नाहीत.

महाग पडतो तो ब्रेक-गिअरचा एकत्र लिव्हर. मागचं चाक उचलून पेडल फिरवा आणि आठही गिअर एकेक करून वर-खाली टाका. क्लिक लागत नसेल तर आतलं ग्रीस सुकलं असू शकतं, ते साफसफाईने सुटतं. पण आतला भाग तुटला असेल तर अख्खा लिव्हर बदलावा लागतो. सायकल पाहताना कारण कळत नाही, तेव्हा लिव्हरची पूर्ण किंमत वजा करून भाव बोला; विक्रेत्याला ते मान्य नसेल तर ती सायकल सोडा.

फ्रेम मात्र अशी की तिथे शंका आली तर सवलत मागूच नका, परत या. हँडलखालचा जोड, पेडलजवळचा जोड आणि मागचं चाक बसतं ती जागा कापडाने पुसून बघा. रंगाला बारीक रेघ असेल किंवा खालच्या नळीला हँडलजवळ फुगवटा असेल तर समोरून धडक बसलेली असू शकते. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) ढिला करून हलवून पाहा. ॲल्युमिनियममध्ये तो गंजून जाम होतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला, हँडलपाशी खटखट लागली तर हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) ढिला किंवा झिजलेला आहे. चाक फिरवून रिम डोलते का बघा; आपल्या खड्ड्यांत ते नेहमीचं आहे, आणि थोडं असेल तर तारा आवळून सरळ होतं.

मापाबद्दल हट्ट धरा. १७० सेंमीला साधारण ५२ ते ५४ सेंमीची फ्रेम लागते. ५६ची कितीही स्वस्त मिळाली तरी मान आणि मनगटं दुखून ती गॅलरीत पडून राहील. स्टेम (हँडल धरणारा आडवा तुकडा) बदलून फरक सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचाच पडतो. ब्रेक आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दुभंगी दांड्यात) २८ मिमीचा टायर बसतो का हेही विचारा. २५पेक्षा तो आपल्या रस्त्यांना बरा.

पेडलजवळ खालच्या बाजूला कोरलेला फ्रेम नंबर पावतीशी जुळवा. पावतीवर नंबर नसेल तर विक्रेत्याकडून नाव, तारीख, फ्रेम नंबर आणि सही असलेला कागद घ्या. सायकल हातात येण्याआधी इसार पाठवू नका.

नो-कॉस्ट ईएमआय तुमच्यासाठी नको. व्याजाइतकी सूट आधी दिलेली दिसते, तरी व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी लागते, शिवाय रोख घेणाऱ्याला मिळणारी सवलत जाते. खरी अडचण ६०,००० ची आहे : गृहकर्जासकट घरखर्च ४५,००० धरला तर ते दीड महिनाही पुरत नाहीत. अशा वेळी वर्षभराचा नवा हप्ता मला पटत नाही. बोनसमधले उरलेले ५,००० त्याच रकमेत टाका आणि पुढचं वर्षभर दरमहा ५,०००चं आवर्ती ठेव खातं चालवा.

विक्रेता १४,५००च्या आसपास आला नाही, तर दुसरी सायकल शोधा. पावसाळ्याच्या तोंडावर न वापरलेल्या सायकली विकायला निघतात. तोवर बोनस बँकेत राहू द्या.