बाळ चणीनं लहान, की वाढ खुंटलेली?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. पहिलटकरीण आहे, उंची १५२ सें.मी. ३४ व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचं अंदाजे वजन १,९५० ग्रॅम, म्हणजे ९ वा पर्सेंटाइल आला. २८ व्या आठवड्यात तो १२ वा होता. इथले डॉक्टर दर आठवड्याला डॉपलर (नाळेतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करायला सांगतात. नाशिकहून सासूबाई म्हणतात, आपली बाळं लहानच असतात. कुणाचं ऐकू?

उत्तर : सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण डॉपलर चुकवू नका.

पर्सेंटाइल म्हणजे हलक्यापासून जडापर्यंत उभ्या केलेल्या शंभर बाळांच्या रांगेतली जागा. ती रांग कुणाची, यावर आकडा बदलतो. खूप ठिकाणी वापरला जाणारा हॅडलॉकचा गर्भाच्या वजनाचा तक्ता १९९१ चा आहे. तो ह्यूस्टनमधल्या ३९२ स्त्रियांवरून बनला आणि त्या बहुतेक गोऱ्या, मध्यमवर्गीय होत्या. त्यात ३४ आठवड्यांची १० व्या पर्सेंटाइलची रेष १,९७३ ग्रॅमवर आहे. तुमचं बाळ तिच्याखाली अवघं २३ ग्रॅम! सोनोग्राफीचा वजनाचा अंदाज मात्र १५ टक्क्यांपर्यंत चुकू शकतो, म्हणजे तुमच्या बाबतीत जवळजवळ २९० ग्रॅम इकडे किंवा तिकडे.

वंशानुसार फरक दिसतो, हेही खरं. २०१५ साली अमेरिकेत निरोगी गर्भवतींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३९ व्या आठवड्यात गोऱ्या मातांच्या बाळांचं मधलं अंदाजे वजन ३,५०५ ग्रॅम निघालं, तर आशियाई मातांच्या बाळांचं ३,२७०. पण 'आशियाई' या एका शब्दात चिनी, फिलिपिनो, भारतीय सगळ्या आल्या. तो मराठी बाळांचा तक्ता नव्हे. उलट २०१४ च्या इंटरग्रोथ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आठ ठिकाणं होती, त्यात आपलं नागपूरही. आई सुपोषित, निरोगी असेल तर हाडांची वाढ सगळीकडे सारखीच होते, असा त्यांचा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या दहा देशांच्या अभ्यासात मात्र देशादेशांत फरक आढळला. हा वाद मिटलेला नाही.

म्हणूनच 'आपल्याकडे असंच असतं' म्हणून थांबणं आम्हाला धोक्याचं वाटतं. आईची उंची तिच्या लहानपणच्या कुपोषणामुळेही कमी राहिलेली असू शकते; तिच्या मापानं बेतलेला तक्ता तीच उणीव 'नॉर्मल' ठरवतो. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्पटनची ३.५ किलोची भरली होती. पुण्याच्या बाळांची पोटं आणि स्नायू फार बारीक होते, त्वचेखालची चरबी मात्र बरीच टिकून होती. म्हणजे ती नुसती छोटी आवृत्ती नव्हती.

आता रिपोर्टमध्ये काय बघायचं? आधी तारीख. ११ ते १३ आठवड्यांच्या स्कॅनवरून दिवस मोजलेत ना, ते विचारा. या काळात बाळ आठवड्याला साधारण २०० ग्रॅम वाढतं, त्यामुळे दहा दिवसांची चूकही बाळाला 'लहान' ठरवते. मग पोटाचा घेर. वार (प्लॅसेंटा) कमी पडली की यकृतातला साठा आधी संपतो आणि घेर मागे पडतो. डोकं बराच काळ नीट वाढत राहतं. तिसरी गोष्ट वेग. १२ वरून ९ वर येणं म्हणजे बाळ आपल्याच रेषेवर आहे. ६० वरून ९ वर आलं असतं, तर चिंता होती. वजन किंवा पोटाचा घेर ३ ऱ्या पर्सेंटाइलखाली गेला, तर डॉपलर चांगला असूनही वाढ खुंटली असंच धरतात. वजनाची मोजणी दोन आठवड्यांच्या आत पुन्हा करू नका. त्यात चुकाच जास्त दिसतात. डॉपलर मात्र लवकर करता येतो, कारण तो नाळेतला रक्तप्रवाह दाखवतो आणि त्याला वंशाचा तक्ता लागत नाही.

प्रश्न : जास्त तूप-डिंक खाल्ल्यानं वजन भरून निघेल का?

उत्तर : वारेचा दोष तुपानं भरत नाही. हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या, मशेरी-तंबाखू असेल तर आजच बंद करा. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात जा, रात्र असली तरी.