कन्स्ट्रक्टर सापडत नाही? आधी पॅरामीटरचे प्रकार बघा

जावात रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच क्लासची रचना तपासून, कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारा भाग) मिळवता येतो. त्यात 'गेटकन्स्ट्रक्टर' फक्त पब्लिक कन्स्ट्रक्टर शोधतं; प्रायव्हेट हवा असेल तर 'गेटडिक्लेअर्डकन्स्ट्रक्टर' वापरा. पण नवख्यांचा खरा वेळ जातो तो वेगळ्याच ठिकाणी. पॅरामीटरचे प्रकार तंतोतंत जुळावे लागतात. कन्स्ट्रक्टर 'इंट' घेत असेल आणि तुम्ही 'इंटिजर' दिलात, तर 'नोसचमेथडएक्सेप्शन' ही एरर ठरलेली. 'लिस्ट'च्या जागी 'अ‍ॅरेलिस्ट'ही चालत नाही. एरवी कंपायलर करतो ती जुळवाजुळव इथे कुणी करत नाही. आतला क्लास स्टॅटिक नसेल तर बाहेरच्या क्लासचा प्रकार पहिला पॅरामीटर म्हणून द्यावा लागतो, हे तर कोडमध्ये दिसतच नाही. म्हणून अडलात की अंदाज बांधत बसू नका, 'गेटडिक्लेअर्डकन्स्ट्रक्टर्स'ची यादी छापून बघा. आणि क्लासवरचं थेट 'न्यूइन्स्टन्स' टाळा. जावा 9 पासून ते डेप्रिकेटेड, म्हणजे वापरू नये असं जाहीर केलेलं, आहे.