कोकणात विद्यापीठाचं नवं संकुल काढायचं तर आधी काय हवं?

आधी वसतिगृह आणि एसटी, इमारतीचं मागाहून बघू. दापोलीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, लोणेऱ्याला तंत्रशास्त्राचं आहे, रत्नागिरीत मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्रही आहे. अडतं ते रोजच्या जाण्यायेण्यात. आमच्या वाडीची शेवटची गाडी साडेपाचला. प्रॅक्टिकल पाचला संपलं की मुली स्टँडकडे धावत सुटतात. गाडी चुकली की रिक्षावाला म्हणेल तो भाव.

जागेचं म्हणाल तर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, मोकळी जमीन भरपूर दिसते. पण एकदा मे महिन्यात जाऊन या, पाणी टँकरचं! आणि खोदाईआधी कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, आहेत का तेही तपासा. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर ती कितीतरी सापडलीत.