तिकिटावर 'डायरेक्ट' लिहिलंय, मग वेळ जास्त का?

तुम्ही विचारलंय की एजंटने 'डायरेक्ट फ्लाइट' सांगितली, तरी प्रवासाचे तास नॉन-स्टॉपपेक्षा बरेच जास्त का दिसतात. एजंटने फसवलेलं नाही. विमान कंपन्यांच्या भाषेत डायरेक्ट म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच फ्लाइट नंबर. मध्ये विमान उतरू शकतं. क्वांटासची क्यूएफ १ सिडनीहून निघते, सिंगापूरला थांबते आणि त्याच नंबराने लंडनला पोचते. अशा थांब्यावर बहुतेक वेळा सगळ्यांना हँडबॅग घेऊन उतरावं लागतं, पुन्हा सिक्युरिटी होते. लहान मुलं किंवा आईवडील बरोबर असतील तर हे आधी माहीत असलेलं बरं. कुठेच न उतरणारं विमान हवं असेल तर 'नॉन-स्टॉप' असंच विचारा.

फ्लाइट नंबर बदलला की ती कनेक्टिंग. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधला मुक्काम २४ तासांच्या आत असेल तर साधारणपणे लेओव्हर म्हणतात, त्याहून जास्त असेल तर स्टॉपओव्हर.

मला खरी काळजी वाटते ती 'सेल्फ ट्रान्स्फर' या दोन शब्दांची. स्वस्त तिकिटांवर ते बारीक अक्षरांत असतात. अर्थ असा की ही दोन वेगळी तिकिटं आहेत. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. बॅगा घ्यायला इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागलं, तर त्या मधल्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. संसार हलवताना चार-पाच मोठ्या बॅगा असतात, तेव्हा थोडे जास्त पैसे गेले तरी सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्या.

चेक-इनला बॅगेला टॅग लावतात, त्यावर विमानतळाची तीन अक्षरं ठळक छापलेली असतात. ती तुमच्या शेवटच्या विमानतळाची आहेत ना, हे काउंटरवरच बघा. अमेरिकेला जात असाल तर मात्र टॅग शेवटपर्यंतचा असला तरी साधारणपणे तिथल्या पहिल्या विमानतळावर बॅगा घेऊन, कस्टम्स करून, पुन्हा सोपवाव्या लागतात. शिवाय अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. म्हणून अशा प्रवासात पुढच्या विमानाला दीड तासाचं अंतर पुरेल असं धरू नका, तीन तास तरी ठेवा.